कोरियन गे प्रेमपट दाखवायचाय? आधी मराठी सबटायटल नीट करा

सभागृह, प्रोजेक्टर, खुर्च्या, चहा यांवर मी शब्द घालवत नाही. गणपतीत गल्लीत पडदा लावून सिनेमा दाखवलेल्या कुणालाही ते जमतं.

सिनेमा निवडताना इसोंग ही-इल आणि किम-जो ग्वांग-सू यांच्यापासून सुरुवात करा. दोघंही कोरियन दिग्दर्शक, उघडपणे गे. २००६ सालच्या ‘नो रिग्रेट’ या गे प्रेमपटाचा इसोंग दिग्दर्शक, तर किम-जो निर्माता.

मग हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला मेल. तारीख, जागा, किती खुर्च्या, तिकीट आहे की नाही, सगळं स्पष्ट लिहा. ओटीटीची वर्गणी भरली की चारचौघांत सिनेमा लावता येतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शिवाय जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं आणि महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. ही वाट माहीत असलेल्या फिल्म सोसायटीला सोबत घ्या. त्याच मेलमध्ये कोरियन संवादांची यादीही मागा. ती का, ते पुढे येतंच.

आता सबटायटल. ‘इंग्रजीवरून मराठी करून टाका’ हा सल्ला मला नेहमी मिळतो आणि तो चुकीचा आहे. पहिल्या खेळाला मी तेच केलं. इंग्रजीत एकच ‘यू’, म्हणून दोघं नायक पहिल्या भेटीपासून एकमेकांना ‘तू’ म्हणू लागले. पुढे एक जण दुसऱ्याला म्हणतो, ‘मला अरे-तुरे कर.’ सिनेमातला सगळ्यात नाजूक क्षण तो, आणि सभागृहात कुणाला काही कळलंच नाही. कोरियनमध्ये आदराची बोली आणि सलगीची बोली वेगळी असते. मराठीत तेच काम ‘तुम्ही’ आणि ‘तू’ करतात. इंग्रजीच्या वाटेने गेलात तर हाताशी असलेली गोष्ट गमावून बसाल.

कोरियन येत नसेल तरी कान द्या. आदराच्या वाक्याच्या शेवटी बहुतेकदा ‘यो’ ऐकू येतो. ‘ग्वेन्चानायो?’ म्हणजे ‘ठीक आहात ना?’ आणि नुसतं ‘ग्वेन्चाना?’ म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ दोघांच्या बोलण्यातून तो ‘यो’ नेमका कधी गळतो ती वेळ लिहून ठेवा, आणि ‘तू’ तिथेच आणा, एक वाक्यही आधी नाही. शेवटी कोरियन जाणणाऱ्याकडून तपासून घ्याच.

दुसरा खड्डा ‘ह्योंग’चा. पुरुष आपल्याहून मोठ्या पुरुषाला अशी हाक मारतो, भावाला आणि प्रियकरालाही. मी ‘दादा’ लिहिलं. रडत रडत बिलगणारा मुलगा ‘दादा’ म्हणाला आणि सभागृह हसलं. तेव्हापासून मी ‘ह्योंग’च ठेवते आणि खेळाआधी एका वाक्यात अर्थ सांगते.

तिसरा खड्डा लिंगाचा. कोरियन क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे नायक आईशी बोलताना आपल्या जोडीदाराबद्दल खोटं न बोलताही गप्प राहू शकतो. मराठीत जोडीदाराबद्दल ‘वाट बघतोय’ लिहिलंत की त्याचं गुपित फुटलं, ‘बघतेय’ लिहिलंत की तो खोटा ठरला. इथे आपलं नपुंसकलिंग कामाला येतं: ‘माझं माणूस वाट बघतंय.’ आईने विचारावं आणि त्याने एवढंच म्हणावं.

ओळ चाळीसेक अक्षरांच्या आत ठेवा, एका वेळी दोनच ओळी.

रंगीत तालीम खेळाला वापरणार त्याच लॅपटॉपवर, अथपासून इतिपर्यंत करा. जोडाक्षरं फुटत असतील तर फाँट बदला. सबटायटल हळूहळू सरकत असतील तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) जुळत नाहीये: २३.९७६ आणि २५ यांच्या फरकाने तासाभरात अडीच मिनिटांची चूक होते.

दारात पूर्ण नावं विचारू नका. प्रेक्षकांचे फोटो अजिबात नकोत, ‘मागून काढतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी माहीत नसतं.

आणि श्रेयनामावली पूर्ण संपेपर्यंत दिवे लावू नका. काही जणांना अंधारातच बाहेर पडायचं असतं.