अल्बममध्ये कोण नाही, ते विचारा

जुना अल्बम घेऊन आजीजवळ बसलात की 'हा कोण?' नंतर विचारा. आधी विचारा, 'फोटो कोणी काढला? घरातलं कोण यात नाही?' दबून राहिलेलं बहुधा तिथूनच बाहेर येतं. रेकॉर्डिंग करायचं तर तिला विचारून. एखादा फोटो कापलेला असेल तर त्या कापलेल्या कडेसकट टिपा, मागच्या बाजूचं अक्षरही. आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात अल्बमच वाहून गेला असेल तर? तिला घेऊन पुण्यातल्या त्या जुन्या वाड्याच्या जागी जा. तिथे आता बहुधा सोसायटी असेल, असू दे. ती बोट दाखवेल तिथला फोटो काढा, बोटासकट. ती गप्प झाली की कॅमेरा पिशवीत. उरलेलं पुढच्या खेपेला.