किरणोत्सारी कचऱ्याची दाहक भट्टी: उभारणीत आणि चाचणीत या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक आराखड्यावर पहिली रेघ ओढण्याआधीच झालेली असते, आणि ती म्हणजे भट्टीत कचरा ‘नष्ट’ होतो ही समजूत. विषारी सेंद्रिय रसायने पुरेशा तापमानाला मोडतात हे खरे, पण किरणोत्सारी अणूचे आगीने काहीही बिघडत नाही. जेवढे बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आत गेले तेवढे राखेत, विटांच्या अस्तरात, फिल्टरवर, वायू धुतलेल्या पाण्यात किंवा धुराड्याबाहेर कुठेतरी असणारच. कागद, कापड आणि प्लास्टिक जाळल्यावर त्यांचे आकारमान वीस ते शंभर पटींनी घटू शकते. मात्र त्यामुळेच दर किलो राखेतील किरणोत्सर्ग कचऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र होतो. म्हणून राख काढण्याची जागा हा या यंत्रणेतला सर्वांत नाजूक भाग समजावा. तिथे उघडे फावडे आणि उघडा डबा ठेवणारा आराखडा सरळ परत पाठवावा.

दुसरी चूक वर्गीकरणातली. पीव्हीसीचे हातमोजे आणि नळ्या इतर प्लास्टिकबरोबर गेल्या, की हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि वायूचे तापमान दवांकाखाली (ज्या तापमानाला वाफेचे थेंब होतात त्याखाली) उतरते तिथे त्याचे आम्ल होऊन धातूच्या नळ्या पोखरल्या जातात. शिवाय क्लोरीनमुळे सिझियमसारख्या मूलद्रव्यांची सहज उडून जाणारी क्लोराइडे बनतात. बॅटऱ्या, स्प्रेचे डबे आणि झाकणबंद बाटल्या तर आत जाताच कामा नयेत, कारण अशी एक बाटली फुटली तरी भट्टीतला दाब क्षणात वाढतो आणि दारांच्या फटींतून धूर खोलीत येतो. भट्टीतील दाब सतत खोलीपेक्षा कमी राहिला पाहिजे, आणि पंखा बंद पडल्यास कचऱ्याची भरणी आपोआप थांबली पाहिजे. आणीबाणीतील सुटकेची झडप थेट आकाशात उघडणे साध्या भट्टीत चालून जाते, इथे चालत नाही.

तापमानाच्या बाबतीत दोन गरजा एकमेकींविरुद्ध जातात. क्लोरीनयुक्त घातक कचऱ्यासाठी वायू सुमारे 1100 अंश सेल्सिअसला किमान दोन सेकंद राहावा लागतो. पण तीच उष्णता थेट कचऱ्याला दिली, तर राखेत राहायला हवे असलेले सिझियम आणि रुथेनियम वायूबरोबर निघून जाते. त्यामुळे पहिला कक्ष तुलनेने थंड आणि शांत ठेवून खरी आच दुसऱ्या कक्षात द्यावी. तापमापक बर्नरच्या ज्योतीसमोर बसवू नये, कारण तो ज्योतीचा आकडा दाखवतो आणि कोपऱ्यातला वायू अर्धवट जळालेलाच राहतो.

हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, हे कारखान्यातील प्रमाणपत्र झाले. फिल्टरभोवतीची फट बंद करणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, तिरकी बसली असेल, तर त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही; बसवल्यानंतर जागेवरच गळतीची चाचणी घ्यावी. वायू ओला आला तर फिल्टरचा कागद कमकुवत होतो, म्हणून त्याआधी वायू पुन्हा तापवावा लागतो. फिल्टरवरील दाबफरक वाढला की सगळे धावतात, पण काटा अचानक खाली आला तर ‘बरे झाले, मोकळा झाला’ म्हणणारे लोक असतात. तो फिल्टर बहुधा फाटलेला असतो, आणि भट्टी तत्काळ थांबवण्याची वेळ तीच असते. हेपा वायुरूप आयोडीन अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कार्बनचा थर लागतो. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मात्र पाण्याच्या वाफेबरोबर दोन्हींतून निसटते, तेव्हा त्याचे प्रमाण भरणीतच मर्यादित ठेवावे.

चाचणीत घाई नको. नवे अस्तर हळूहळू तापवून सुकवले नाही, तर आत कोंडलेली वाफ त्याला तडे पाडते. त्यानंतर किरणोत्सारी नसलेला कचरा, मग त्यात स्थिर, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या, सिझियमचे क्षार मिसळून तोच कचरा, आणि घातलेल्या व सापडलेल्या सिझियमचा हिशेब जुळल्यावरच अल्प किरणोत्सारी कचरा, असा क्रम ठेवावा. केवळ भट्टी स्थिर चालू असतानाच्या नोंदी घेऊन समाधान मानू नये. चालू करताना, भरणी करताना आणि वीज गेल्यावर काय होते, तेही मोजावे. धुराड्यातील नमुना वायूच्या वेगाशी जुळणाऱ्या वेगानेच ओढावा, नाहीतर कणांचे प्रमाण चुकते.

घातलेल्या सिझियमपैकी काही भाग राखेतही नाही आणि फिल्टरवरही नाही असे आढळले, तर तो मापनातील किरकोळ फरक म्हणून सोडून देऊ नये. आधी नळ्यांची वळणे तपासावीत, मग अस्तराचे नमुने काढावेत. सिझियम विटांमध्ये मुरते, आणि पुढे कधीतरी त्या विटा फोडणाऱ्या कामगारांना त्याची लेखी नोंद मिळायलाच हवी.