फोटोतले चेहरे आणि नंबर मोबाइलवर कसे झाकावेत

नाशिकच्या रामकुंडावर घरच्यांचा फोटो काढला की मागे अंघोळ करणारी अनोळखी माणसं येतातच. स्कूटर विकायची जाहिरात टाकली की नंबरप्लेट दिसते. भाड्याच्या फ्लॅटसाठी आधार कार्डाचा फोटो मागतात. तिन्हीकडे काहीतरी झाकायचं असतं, पण सगळीकडे मोझेक, म्हणजे चौकोनी ठिपक्यांनी धूसर करणं, चालत नाही. मोझेक चेहऱ्यासाठी वापरा. आकडे आणि अक्षरं मात्र पूर्ण पुसायची.

मोझेक करताना फोन त्या भागाचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात तिथल्या रंगांची सरासरी भरतो. त्या सरासरीत मूळ अक्षराचा माग उरतो. अक्षरांचा साचा (फॉन्ट) माहीत असला की एकेक आकडा तसाच मोझेक करून ताडून बघता येतो. स्क्रीनशॉटमधला मजकूर असा उलगडणारा डीपिक्स नावाचा प्रोग्रॅम २०२० पासून मोफत मिळतो. नाशिकच्या गाडीचं ‘एमएच १५’ तर आधीच ठाऊक असतं, आणि हाय सिक्युरिटी प्लेटवरच्या अक्षरांचा साचाही ठरलेला.

चेहऱ्यासाठी आधी फोटो क्रॉप करा. कडेची निम्मी माणसं तिथेच कमी होतात. शाओमीच्या गॅलरीत एडिटमध्ये ‘मोझेक’ असतं, सॅमसंगमध्ये एडिटच्या ‘ड्रॉ’मध्ये मोझेक पेन. गॅलरीत सोय नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच चॅटमध्ये फोटो निवडा, पाठवण्याआधी वरच्या पेन्सिलवर टॅप करा आणि खालच्या ब्रशमधला चौकड्यांचा ब्रश घ्या. दोन बोटांनी झूम करून केसांपासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही कान झाकले जातील असं बोट फिरवा. नुसते डोळे झाकून उपयोग नाही, ओळखीचा माणूस जबड्यावरून आणि केसांवरून ओळखतो.

चौकोन किती मोठे हवेत? चेहऱ्याच्या रुंदीत पाच-सहाच बसावेत. पंधरा-वीस बसत असतील तर फोन हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करा: चेहरा पुन्हा ओळखू येतो. ही परीक्षा प्रत्येक फोटोवर घ्याच. त्याच जागी पुन्हा पुन्हा बोट फिरवून फारसा फरक पडत नाही, कारण चौकोन तेच राहतात. अशा वेळी सरळ रंगाचा ठिपका किंवा स्टिकर लावा.

प्लेट, खाते क्रमांक आणि आधारसाठी साध्या पेनाने गडद रंगाची जाड पट्टी ओढा. हायलायटर अजिबात नको. तो अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वर येतात. आधारवरचा क्यूआर कोडही झाका, त्यात नाव-पत्ता साठवलेला असतो. त्यापेक्षा आधारच्या वेबसाइटवरून ‘मास्क्ड आधार’ काढणं उत्तम: पहिले ८ आकडे तिथेच लपवलेले येतात.

शेवटी सेव्ह करताना ‘कॉपी म्हणून सेव्ह’ निवडा. सॅमसंग आणि आयफोनच्या गॅलरीत एडिट केलेला फोटो मूळ रूपात परत आणता येतो, म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर मूळ फोटो ‘रीसेंटली डिलीटेड’ किंवा ‘ट्रॅश’मधूनही काढून टाका. पाठवायच्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवलेला बरा: त्यात एडिटचा इतिहास जात नाही आणि फोटो काढलेल्या जागेचं लोकेशनही जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर लोकेशन सोबत जाऊ शकतं. घरी काढलेल्या फोटोत ते थेट घराचं असतं.