हेडफोन ॲम्पसाठी जुने व्हॉल्व्ह घेताय? आधी डेटाशीट बघा, ब्रँड नंतर

ओटीएल (म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूबवर चालणारा) हेडफोन ॲम्प घरात आला की थोड्याच दिवसांत ट्यूब बदलायला हात शिवशिवायला लागतात, आणि मग बहुतेक जण ईबेवर जाऊन आधी नाव बघतात, मुलार्ड, टेलिफंकन, टुंगसोल, आणि ती ट्यूब आपल्या ॲम्पला चालते का हे सगळ्यात शेवटी. मला हा क्रम उलटा हवा असं अगदी मनापासून वाटतं. आधी ट्यूब चालते का, मग तिची तब्येत कशी आहे, मग तिच्या दोन बाजू सारख्या आहेत का, आणि हे सगळं पार पडलं की मग खुशाल ब्रँड.

उदाहरणासाठी दोन ॲम्प धरतो, बॉटलहेड क्रॅक (१२एयू७ आणि ६०८०) आणि डार्कव्हॉइस ३३६एसई (६एसएन७ आणि ६एएस७जी). दोन्हींचा ढाचा साधारण एकच आहे, छोटी ट्यूब ड्रायव्हर म्हणजे सिग्नल वाढवणारी, मोठी ट्यूब कॅथोड फॉलोअर म्हणजे हेडफोनला करंट देणारी, आणि मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. या मोठ्या ट्यूबचा आउटपुट इम्पिडन्स (म्हणजे ॲम्पचा स्वतःचा विजेला अडथळा) शंभर ओहमच्या आसपास येतो म्हणून हे ॲम्प ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० किंवा ६५० वर फुलतात, आणि ३२ ओहमच्या हेडफोनवर बेस सैल नाहीतर फुगलेला लागतो. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर कितीही महाग ट्यूब घाला, तो प्रश्न ट्यूबने सुटणार नाही, तेव्हा पैसे आधी हेडफोनवर घाला.

आता हीटर, म्हणजे ट्यूबला आतून तापवणारी तार. ट्यूब निवडताना मी सगळ्यात आधी हाच आकडा बघतो. ६एसएन७ चा हीटर ६.३ व्होल्टला ०.६ अँपिअर घेतो, १२एयू७ चा ६.३ व्होल्टला ०.३, आणि ६०८० किंवा ६एएस७जी चा तब्बल २.५. ट्रान्सफॉर्मर एवढ्याच हिशोबाने बांधलेला असतो. ब्रिटिश लष्करी नंबराची सीव्ही१८१ ही ६एसएन७ च्या जागी बसते म्हणून सर्रास विकली जाते, पण मूळ सीव्ही१८१ म्हणजे ईसीसी३२, तिचा हीटर ०.९५ अँपिअर घेतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. ॲम्प बनवणाऱ्याने चालेल असं स्पष्ट लिहिलं नसेल तर घालू नका. (६एसएन७ चाच सीव्ही नंबर हवा असेल तर तो सीव्ही१९८८.) ५८१४ए ही १२एयू७ ची लष्करी बहीण ०.३५ घेते, हा फरक किरकोळ आहे, चालतं. १२एसएन७ मात्र सगळ्या बाबतीत ६एसएन७ सारखीच असून हीटर १२.६ व्होल्टचा, त्यामुळे स्वस्त दिसली तरी आपल्या ॲम्पमध्ये ती नीट तापणारच नाही.

सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालली असं अजिबात नाही. १२एएक्स७ आणि १२एयू७ च्या पिना सेम टू सेम, पण एकीचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) १०० आणि दुसरीचा २० च्या खाली. क्रॅकमध्ये तर ड्रायव्हरच्या प्लेटचं (सिग्नल बाहेर पडतो ती पट्टी) व्होल्टेज थेट ६०८० च्या ग्रिडला (सिग्नल आत घेणारी जाळी) जातं, मध्ये कपॅसिटर नाही, म्हणजे ड्रायव्हर चुकीचा घातला की मोठ्या ट्यूबचंही सगळं गणित हलतं. तसंच ईसीसी८८. तिलाही नऊ पिना, पण तिचा हीटर फक्त ४ आणि ५ मध्ये आहे आणि नववी पिन शील्डची, आणि १२एयू७ ला ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे ईसीसी८८ पेटतच नाही. ६एसएन७ च्या जागी ६एसएल७ चं तेच, पिना जुळतात, स्वभाव जुळत नाही.

मोठ्या ट्यूबबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण तिथे फरक खरोखर ऐकू येतो. ६एएस७जी आणि ६०८० या संगीतासाठी बनलेल्याच नव्हत्या, पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवायचं त्यांचं काम, आणि तिथे एका बाटलीतले दोन्ही ट्रायोड (एकाच काचेतल्या दोन वेगळ्या ट्यूब, यांनाच सेक्शन म्हणतात) बऱ्याचदा समांतर जोडायचे, त्यामुळे ते एकमेकांशी तंतोतंत जुळायची गरज नव्हती. आपल्या ॲम्पमध्ये मात्र एक ट्रायोड डाव्या कानाचा आणि दुसरा उजव्या कानाचा! म्हणून ६०८० विकत घेताना विक्रेत्याला दोन्ही सेक्शनचे आकडे वेगवेगळे मागायचे, आणि एकच आकडा देणाऱ्याकडून घ्यायचीच नाही. दोन्हींत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर चांगली, वीसच्या पुढे असेल तर सोडून द्या मग नाव कितीही मोठं असो.

सुरुवात कशाने करावी असं विचाराल तर लेनिनग्राडच्या स्वेतलाना कारखान्याची ६एन१३एस, म्हणजे सोव्हिएत ६एएस७. रशियन लिपीतलं एन हे इंग्रजी एचसारखं दिसतं आणि एस हे सीसारखं, त्यामुळे विकणारे ६एच१३सी असं लिहितात, ती हीच, आणि ६एच८सी दिसली तर ती ६एसएन७ ची सोव्हिएत आवृत्ती. दणकट असतात, भरपूर बनल्या आहेत. त्यानंतर आरसीएची ६एएस७जी, कोकच्या बाटलीसारख्या आकाराची, आवाज थोडा मऊ वाटतो मला. आणि खरी उडी हवी असेल तर टुंगसोलची ५९९८. ही उडी नुसती नावाची नाही, तिच्यामागे कारण आहे. ६एएस७ चा म्यू (म्हणजे मघाचाच गेनचा आकडा) २ आणि ५९९८ चा साडेपाचच्या आसपास, त्यामुळे कॅथोड फॉलोअरमध्ये आउटपुट इम्पिडन्स जवळपास निम्म्यावर येतो, बेस आवळला जातो आणि आवाजही थोडा वाढतो. हीटर २.४ अँपिअर, म्हणजे तिकडूनही अडचण नाही. ओळखायची कशी तर प्लेटवर डोमिनोच्या सोंगटीसारखी गोल भोकं असतात. बेंडिक्सची ग्रॅफाइट प्लेटवाली ६०८०डब्ल्यूबी दिसायला अप्रतिम आहे पण किंमत बघता मी ५९९८ च घेईन.

ड्रायव्हरमध्ये ६एसएन७ घेत असाल तर जीटी, जीटीए आणि जीटीबी यांतला फरक माहीत हवा. साध्या जीटीची प्लेट ३०० व्होल्टपर्यंत, जीटीए-जीटीबी ४५० पर्यंत, आणि जीटीबीचा हीटर टीव्हीच्या सिरीज जोडणीसाठी ठरावीक वेळेत तापेल असा केलेला. हेडफोन ॲम्पमध्ये व्होल्टेज सहसा एवढं चढत नाही त्यामुळे जुन्या जीटी बिनधास्त चालतात. चाळीसच्या दशकातल्या टुंगसोलच्या गोल प्लेटवाल्या काळ्या काचेच्या जीटीमागे लोक वेडे आहेत, आरसीएची लाल बेसवाली ५६९२ पण आहे, जी १०,००० तासांच्या आयुष्यासाठी बनवली होती. माझं मत विचाराल तर पहिली जुनी ट्यूब म्हणून सिल्व्हेनियाची पन्नासच्या दशकातली जीटी किंवा जीटीए घ्या, त्याच्या पुढचा फरक फार बारीक आहे. ॲडाप्टर लावायची तयारी असेल तर ६एफ८जी बघा, डोक्यावर टोपी असलेली, आतून ६एसएन७ च, आणि कमी लोक शोधतात म्हणून स्वस्त पडते. १२एयू७ मध्ये आरसीएची क्लिअर टॉप हीच माझी शिफारस. तिच्या माथ्यावर चंदेरी लेप नाही म्हणून घाबरू नका, तिचा गेटर बाजूला असतो.

गेटरवरून आठवलं, फोटोत बघायची पहिली गोष्ट तीच. काचेच्या आतला तो आरशासारखा लेप बेरियमचा असतो, उरलीसुरली हवा शोषायला. पांढरा दुधाळ झाला असेल तर हवा आत गेली, ट्यूब मेली, विषय संपला. कडेने तपकिरी होऊन विरळ झाला असेल तर भरपूर वापरलेली. पण लेप चकाचक आहे म्हणजे ट्यूब नवी असंही नाही, म्हणून टेस्टरचे आकडे लागतात.

एनओएस, म्हणजे जुना पण न वापरलेला माल, हा शब्द कोणीही लिहू शकतं. तुम्ही विचारायचं की कुठल्या टेस्टरवर तपासली, नव्या ट्यूबला त्या टेस्टरवर किती येतं, आणि हिला दोन्ही सेक्शनला किती आलं. हिकॉकसारखा ट्रान्सकंडक्टन्स (सिग्नलने ट्यूबचा करंट किती बदलतो) मोजणारा टेस्टर असेल तर उत्तम, नुसता एमिशन (ट्यूब करंट सोडते की नाही एवढंच) बघणारा टेस्टर 'गुड' दाखवतो त्यावर जास्त पैसे मोजू नका. शॉर्ट आणि लीकेज तपासलं का हेही विचारा.

काचेवरची शाई हा पुरावा धरू नका. मुलार्डची छपाई अंगठ्याने पुसली जाते, म्हणजे ती पुसून दुसरी छापताही येते, शिवाय त्या काळी कंपन्या एकमेकांचा माल स्वतःच्या नावाने विकायच्या, आरसीएच्या खोक्यात सिल्व्हेनिया निघते ती फसवणूक असेलच असं नाही. काचेत कोरलेले कोड बघा. फिलिप्स गटातल्या ट्यूबवर तळाशी दोन बारीक ओळी असतात, पहिली ट्यूबच्या प्रकाराची, दुसरीत कारखाना, वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि आठवडा. बी६डी१ असेल तर बी म्हणजे मुलार्डचा ब्लॅकबर्न कारखाना, ६ ने संपणारं वर्ष, एप्रिल, पहिला आठवडा, आणि बीच्या जागी त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हेरलेन. दशक कुठलं ते आतल्या बांधणीवरून ठरवायचं. टेलिफंकनच्या नऊ पिनांच्या ट्यूबला तळाच्या काचेत पिनांच्या मधोमध हिऱ्याची आकृती दाबलेली असते. अमेरिकन मालावर तीन आकडी कोड, २७४ आरसीए, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टुंगसोल, १८८ जीई, आणि त्याला लागून वर्ष आणि आठवडा. तळाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

आपल्याकडे काय मिळतं? बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवले, फिलिप्सच्या तंत्रावर, आणि बेलच्या ईसीसी८२, ईसीसी८३ आजही लॅमिंग्टन रोडला किंवा जुन्या रेडिओ मेकॅनिककडे खोक्यासकट निघतात. ईसीसी८२ म्हणजेच १२एयू७, क्रॅकवाल्यांनी ती नक्की ऐकावी, आपल्या देशात बनलेली आणि खरंच चांगली ट्यूब आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुना रेडिओ दिसला तर त्यातून काढू म्हणून घेऊ नका, घरगुती रेडिओत सहसा ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४ असला संच असतो, आपल्या कामाचं त्यात काही नाही आणि एक चालू रेडिओ उगाच मोडीत जातो.

आणि व्होल्टेज तपासा. कित्येक भागांत रात्री उशिरा मेन्स २४५ पर्यंत चढतं, ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर २२० वर गुंडाळलेला असेल तर हीटरला ६.३ च्या जागी ७ व्होल्ट मिळतात, दहा टक्क्यांची मर्यादा तिथे ओलांडली जाते आणि जपून आणलेली ट्यूब लवकर म्हातारी होते. चांगला स्टॅबिलायझर लावा, तो दुसऱ्या महागड्या ट्यूबपेक्षा स्वस्त आहे.

ट्यूब आली की ॲम्प बंद, प्लग काढलेला, अर्धा तास थंड होऊ द्या, ६०८० ला लगेच हात लावलात तर भाजतंच. पिना आयसोप्रोपिलने पुसा, काच धरून पिळू नका, बेस धरून सरळ काढा-घाला. पहिल्यांदा चालू करताना हेडफोन काढून ठेवा, पाच मिनिटं तापू द्या, मग जुना एखादा स्वस्त हेडफोन लावून गुणगुण येते का ते ऐका आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने काचेवर हलकं टिचका, घंटेसारखा आवाज घुमत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्के आवाजात उमटवणारी. मग एखादं मोनो रेकॉर्डिंग लावा, लताबाईंचं पन्नासच्या दशकातलं कुठलंही गाणं चालेल, आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला, झुकाव कानाबरोबर राहिला तर दोष कानाचा, हेडफोनबरोबर फिरला तर हेडफोन तरी किंवा ट्यूब तरी, जुनी ट्यूब परत घालून बघितलं की कोण ते कळतं. दोन ट्यूबची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करा, नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते, ५९९८ च्या बाबतीत हे हमखास होतं. हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत उरका, आणि खोकं तोवर फेकू नका.