जेसीचं माहेर शोधताना: स्कॉटलंडमधली वंशावळ कशी काढायची

माझ्या सासूबाई डंडीच्या, मी सांगलीची. त्यांच्या आजीबद्दल घरात एवढंच ठाऊक होतं: तिला जेसी म्हणायचे आणि ती तागाच्या गिरणीत सूत कातायची. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी तिचा माग काढायला बसलो. तुम्हालाही असा शोध घ्यायचा असेल, तर सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करा, जन्माच्या नको.

कारण स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि मृत्यूच्या नोंदीत वडिलांच्या नावाबरोबर आईचं माहेरचं आडनावही असतं. एका पानात मागची पिढी हाती लागते. शिवाय लग्न झालेली बाई सूचीत माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांखाली सापडते. लग्नात नावासकट बदलून गेलेल्या आपल्या पणज्या आठवल्या की मला याचं फार अप्रूप वाटतं.

या नोंदी ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सूची चाळणं फुकट. मूळ पान पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. १०० वर्षांच्या आतले जन्म, ७५ च्या आतली लग्नं आणि ५० च्या आतले मृत्यू यांची पानं घरबसल्या दिसत नाहीत.

घाईत मी दोन भलत्याच बायकांची पानं विकत घेतली. जेसी हे पुष्कळदा जॅनेटचं लाडाचं नाव, आणि डंडीत जॅनेट ढीगभर. मग लग्न शोधताना नवराबायको दोघांची आडनावं एकदम टाकली, तेव्हा गर्दी ओसरली. स्पेलिंग मात्र सैल धरा. ‘मॅक’ कुठे पूर्ण लिहिलेलं असतं, कुठे नुसतं एम-सी. लग्नाच्या नोंदीवर माझा भरवसा जास्त. तिथे आईवडिलांची नावं सांगायला नवरी स्वतः हजर असते. मृत्यूनंतर ती मुलगा, जावई किंवा शेजारी आठवून सांगतो.

नंतर खानेसुमारी पाहा, १८४१ ते १९२१, दर दहा वर्षांची. १८४१ ची जपून वापरा: पंधरा वर्षांपुढच्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, घरातली नातीही लिहिलेली नाहीत. नाती आणि जन्मगाव १८५१ पासून मिळतात.

१८५५ च्या मागे चर्चची जुनी दप्तरं. त्यांतलं सगळ्यांत जुनं पर्थशायरमधल्या एरल गावचं, १५५३ चं. तिथे बाप्तिस्मा सापडला नाही तरी शोध सोडू नका. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि बरीच कुटुंबं फ्री चर्चमध्ये गेली. त्यांच्या नोंदी वेगळ्या पाहाव्या लागतात.

आणि पैसे वाचवायला नुसत्या सूचीवर थांबू नका. जेसीच्या १८८१ च्या जन्मनोंदीचं मूळ पान आम्ही उघडलं. खबर द्यायला तिची आईच गेली होती. सहीच्या जागी एक वाकडी फुली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रजिस्ट्रारने सुबक अक्षरात तिचं नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी ते पान आणखी मोठं करायला सांगितलं.