रेझ्युमे रिकामा वाटतो तेव्हा

तिसऱ्या वर्षाला असताना इंटर्नशिपसाठी पहिला रेझ्युमे लिहायला बसले. नाव, ईमेल, गुण लिहून झाले आणि हात थांबला. नोकरी तर कधी केलेलीच नव्हती, मग लिहायचं काय? शेवटी सीनिअरकडून टेम्प्लेट घेतलं, त्यातलं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' जसंच्या तसं ठेवलं आणि खाली 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' असं भरून टाकलं. 17 ठिकाणी पाठवला. एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही.

असं का झालं ते 4 वर्षांनी कळलं. आमच्या टीमसाठी इंटर्न निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा समोर 80 रेझ्युमे होते आणि रोजचं काम काही थांबलेलं नव्हतं. पहिल्या फेरीत एका रेझ्युमेला अर्धं मिनिटही देता येत नव्हतं. सगळेच मेहनती होते, सगळेच टीम प्लेअर. कुणी काय केलंय हे मात्र शोधावं लागत होतं.

एका मुलीच्या रेझ्युमेवर मी थांबले. नोकरीचा अनुभव तिलाही नव्हता. तिने लिहिलं होतं, 'कॉलेजच्या ग्रंथालयात आठवड्याला 6 तास काम. सुमारे 1,200 पुस्तकांच्या नोंदी रजिस्टरमधून स्प्रेडशीटमध्ये आणल्या, दुबार नोंदी शोधून काढल्या.' कंटाळवाणं काम ही मुलगी तडीस नेते, हे तेवढ्यावरून समजलं. चिकाटी हा शब्द तिने कुठेही वापरला नव्हता.

म्हणून माझं सांगणं असं की टेम्प्लेट उघडण्याआधी कागद घ्या आणि गेल्या 2-3 वर्षांत जे जे केलं ते सगळं उतरवून काढा. फेस्टिव्हलचा हिशेब सांभाळला, ज्युनिअर्सना गणित शिकवलं, घरच्या दुकानात संध्याकाळी बसलात, सगळं. मग प्रत्येकापुढे लिहा: मी नेमकं काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं. आकडा खरा असेल तरच घाला. प्रोजेक्टच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. 'चौघांनी मिळून हजेरीचं अ‍ॅप बनवलं' यात तुम्ही कुठे आहात? 'लॉगिन आणि डेटाबेसचा भाग मी केला' असं लिहिलंत की मुलाखतीत विचारायला धागा मिळतो, आणि उत्तर तुमच्याकडे तयार असतं.

स्किल्सपुढे टक्क्यांच्या पट्ट्या काढू नका. 'पायथॉन 80%' म्हणजे कशाच्या 80%? त्यापेक्षा पायथॉनमध्ये काय केलं ती एक ओळ पुरते. एकदाच ट्यूटोरियल पाहिलेली गोष्ट यादीत घालू नका. पहिला प्रश्न त्यावरच आला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

मांडणी साधी हवी. फ्रेंचमध्ये 'रेझ्युमे' म्हणजे सारांश, त्यामुळे विद्यार्थ्याला एक पान पुरतं. शिक्षण वर, आणि प्रत्येक भागात ताजी गोष्ट आधी. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती वगैरे जाहिरातीत मागितलं नसेल तर नको. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम, चौकटी, चित्रात लिहिलेला मजकूर यांत ते गोंधळू शकतं. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. तिथे क्रम विस्कटला, तर सॉफ्टवेअरलाही तसाच दिसण्याची भीती आहे.

सगळं लिहिलेली एक मोठी फाइल स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक अर्जासाठी तिच्यातून वेगळी प्रत काढा. जाहिरातीत 'डेटा क्लीनिंग' म्हटलं असेल आणि तुम्ही तेच केलं असेल, तर तोच शब्द वापरा. वेळ जातो, खरं आहे. पण एकच रेझ्युमे 17 ठिकाणी पाठवण्यापेक्षा नीट बेतलेले 5 अर्ज मी केव्हाही पसंत करेन.

पाठवण्याआधी आपला ईमेल आणि फोन नंबर एकेक अक्षर, एकेक आकडा करून तपासा. त्या 80 जणांतल्या एकाला आम्हाला बोलवायचं होतं. नंबरातला एक आकडा राहून गेला होता आणि ईमेल परत आला. त्याच्यापर्यंत पोहोचायला दुसरा काहीच मार्ग नव्हता.