घरच्या चुंबकमापीवर सौरवादळ शोधताय? आधी या चुका टाळा

फ्लक्सगेट सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल टिपणारा सेन्सर, मागवायचा, त्याला छोटा बोर्ड जोडायचा आणि सूर्याच्या रोजच्या लहरी घरबसल्या टिपायच्या, हे वेड हल्ली बऱ्यापैकी पसरलंय. मला त्याचा आनंदच आहे. पण दर आठवड्याला कुणीतरी आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि विचारतो, "सर, वादळ आलं का हो?" बहुतेक वेळा आलेली असते ती शेजाऱ्याची मोटार. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण हा शेण खाण्याचा प्रकार सगळ्यात आधी मीच केलाय.

माझा पहिला सेन्सर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत होता. लावून चारच दिवस झाले होते. संध्याकाळी सात-वीसला एच घटक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग, एका झटक्यात साठ नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) वर गेला. आता गंमत अशी, की खरं वादळ नेमकं असंच सुरू होतं. सौरवाऱ्याचा धक्का पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला दाबतो आणि एच टुणकन वर उडी मारतो. मग पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर फिरणारा विद्युतप्रवाह वाढत जातो आणि एच तासन्‌तास खाली घसरतो. मी चार मित्रांना फोन केले, थर्मास भरून चहा घेतला आणि घसरणीची वाट बघत बसलो. रात्रभर रेघ सपाट. सकाळी नऊ-दहाला ती बरोब्बर साठने खाली आली. वहीत लिहिलं: "वादळ ओसरले."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रविवारी मात्र काहीच नाही. सूर्य रविवारची सुट्टी घेतो का, या विचारात असताना बायको म्हणाली, "खालच्यांनी नवी गाडी घेतलीय. परवा पेढे नाही का दिले त्यांनी?" लोखंडाची ती गाडी लागायची ती जागा माझ्या खिडकीपासून जेमतेम सहा मीटर!

या बाबतीत आपले पूर्वज आपल्याहून शहाणे होते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळा अलिबागला हलवली. तिथलं काम १९०४ मध्ये सुरू झालं, दोन वर्षं दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन ताळा जमवला आणि मग १९०७ मध्ये ट्राम धावली. ट्राम येण्याआधी! आणि आपण सेन्सर लोखंडी ग्रिलला केबल-टायने बांधतो.

माझी सवय सांगतो. सेन्सर प्लॅस्टिकच्या पाइपात, जमिनीत दोन-तीन फूट पुरलेला, पितळी स्क्रू लावून, शक्यतो गावाकडच्या शेतात. सोसायटीतच हौस भागवायची असेल तर पार्किंग, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. उडी दिसली की कुणालाही फोन करण्याआधी इंटरमॅग्नेटवर, म्हणजे जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यावर, अलिबागचा आलेख उघडा. वादळाचा धक्का जगभर काही मिनिटांच्या आत नोंदला जातो. अलिबागला तो नसेल, तर तुमच्या अंगणातही नाही.

दुसरी चूक दुपारची. शांत दिवशीसुद्धा एच सकाळपासून चढतो, अकरा-बाराच्या सुमारास शिखर गाठतो आणि संध्याकाळपर्यंत जागेवर येतो. उन्हाने शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या हवेत विद्युतप्रवाह सुरू होतात, त्यांचा हा रोजचा फुगवटा. आपल्याकडे काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. तिरुनेलवेलीकडे, चुंबकीय विषुववृत्ताजवळ, तो शंभराच्या वर सहज जातो. नवखे लोक याला वादळ म्हणतात. त्यातून सेन्सर पत्र्याखाली असेल तर तापलेला सेन्सरही असाच फुगवटा काढतो, मग सूर्य कुठला आणि पत्रा कुठला ते तुम्हीच ठरवा. शेजारी तापमापक लावा. आणि पहिले दहा-पंधरा दिवस फक्त शांत दिवस बघा. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ज्याला पहिल्याच आठवड्यात वादळ हवंय, त्याने पतंग उडवावा.

तिसरी चूक माझ्या खास नावडीची: सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा किरणांचा भडका, हेच वादळ असं समजणं. ज्वालेचं क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतं आणि उजेडाच्या बाजूला शॉर्टवेव्ह रेडिओ बंद पाडतं. वादळ घडवतो तो सूर्याने फेकलेला चुंबकीय ढग, ज्याला आम्ही सीएमई म्हणतो. त्याला यायला पंधरा-वीस तासांपासून तीन-चार दिवस लागतात, आणि तो आपल्या दिशेने यायला हवा. आला तरी त्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं नसेल तर फारसं काही घडत नाही. मे २०२४ बघा. १० तारखेला आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास दोन दशकांतलं सर्वांत मोठं वादळ थडकलं. त्याच सौरडागांच्या गटातून सगळ्यात जोरदार ज्वाला, एक्स ८.७, निघाली ती मात्र १४ तारखेला, आणि तोवर तो गट सूर्याच्या कडेला सरकला होता. आपल्याला त्याचं वादळ लागलं नाही. एक उत्साही विद्यार्थी त्या रात्री पहाटेपर्यंत जागा होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, अॅप चुकलं. अॅप बरोबर होतं रे बाबा, तू ज्वालेचा आकडा वाचलास आणि ती सूर्यावर कुठे आहे ते बघितलं नाहीस. ज्वालेनंतर मी आधी सौरडागांचं चित्र उघडतो. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून सौरवाऱ्याचा वेग आणि क्षेत्राची दिशा कळेपर्यंत एक अक्षर बोलत नाही.

बाकीच्या चुका भराभर.

केपी, म्हणजे जगभरची चुंबकीय खळबळ शून्य ते नऊ अशा पट्टीवर सांगणारा निर्देशांक, तीन-तीन तासांचा असतो आणि वेळ जागतिक असते, म्हणजे त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. "काल रात्रीचा केपी" शोधताना निम्मे लोक भलत्याच चौकटीत बघतात.

केपीची सरासरी काढू नका. पाचला त्याची रेषीय किंमत, म्हणजे एपी, ४८ आणि नऊला ४००, अशी ती पट्टी आहे. आठवड्याची बेरीज करायची असेल तर एपी वापरा.

फोनमधला होकायंत्र सेन्सर या कामाचा नाही. बऱ्याच फोनांत त्याची एकेक पायरीच शंभर-दीडशे नॅनोटेस्लांची असते. १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात कुलाब्याला एच सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला होता. तेव्हा चालला असता तुमचा फोन.

"आज रात्री सौरवादळ, मोबाइल बंद ठेवा" हा निरोप मला पाठवू नका. मी तो पाठवणाऱ्याला बंद ठेवतो.

आणि ध्रुवीय प्रकाश. मे २०२४ मध्ये लडाखातल्या हानले इथून आकाशात लाल आभा टिपली गेली, हे खरं. त्याच आठवड्यात मला सिंहगडावरूनही लाल आकाशाचा फोटो आला होता. मी दिशा विचारली. उत्तर आलं, पुण्याकडची.